एमजीबी गाडीचे गंजलेले सिल बदलणे

दाराच्या उंबऱ्याखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी म्हणजे सिल. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबी या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये सिल हा गाडीचा कणाच असतो. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, होती. एमजीबीला ती नाही, आणि रोडस्टरला, म्हणजे तिच्या उघड्या प्रकाराला, छप्परही नाही. त्यामुळे गाडी मध्ये वाकू न देण्याचे काम मुख्यत्वे दोन बाजूंची सिल आणि मधला गिअरबॉक्सचा बोगदा करतात.

ही पेटी एका पत्र्याची नसते. बाहेर दिसते ते बाहेरचे सिल, त्यामागे मधला उभा पडदा, त्याच्या आत फरशीला जोडलेले आतले सिल आणि खाली पेटी बंद करणारी ‘कॅसल रेल’. किल्ल्याच्या तटावरील चर्यांसारख्या खाचा असल्यामुळे हे नाव पडले. या खाचांतूनच आत शिरलेले पाणी बाहेर पडते.

गंज सहसा पुढून सुरू होतो. चाकाने उडवलेला चिखल आत जाऊ नये म्हणून पुढच्या मडगार्डच्या आत एक आडवा पत्रा आणि त्याच्या कडेला रबरी पट्टी असते. रबर कडक होऊन तडकले की चिखल मागे, दाराच्या खांबाच्या पायाशी साचतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हा चिखल खारट असतो आणि महिनोन्महिने ओला राहतो. पत्रा आतून बाहेर सडत जातो. म्हणून रंगावर फोड दिसू लागला, तर मधला पडदा त्याआधीच गेला आहे असे धरून चालावे.

तपासणी सोपी आहे. लोहचुंबक फिरवला की जिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरली आहे तिथे तो चिकटत नाही. खालच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहावा. गाडी जॅकवर घेतल्यावर दार अडकत असेल, तर सांगाड्यातला ताठपणा गेला आहे. मडगार्ड आणि सिल यांच्यामधला उभा सांधा कारखान्यातून निघताना स्पष्ट दिसत असे. तो लांबीने बुजवलेला असेल, तर मागे कोणीतरी मलमपट्टी केली आहे. सर्वात वाईट मलमपट्टी म्हणजे सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून कडांना टाके (ठिपक्यांसारखे वेल्ड) मारणे. तो पत्रा भार घेत नाही आणि आतला गंज झाकून वाढवतो. दुसरी चूक फक्त दाराखालचा तुकडा बदलण्याची. सिलची दोन्ही टोके पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आड जातात, आणि गंज तिथेच जास्त असतो. ब्रिटनमध्ये 2018 पासून 40 वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. त्यामुळे मालकाने स्वतः पाहिले नाही, तर हा दोष कोणाच्याच नजरेस येत नाही.

कामाआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडाव्यात. त्या बाजूचे गालिचे व आसने काढावीत, पेट्रोलची टाकी उतरवावी आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. गाडी सपाट जमिनीवर पुढच्या क्रॉसमेंबरखाली (चाकांमधल्या आडव्या तुळईखाली) आणि मागच्या ॲक्सलखाली घोड्या (टेकू) लावून ठेवावी, म्हणजे भार चाकांवर असतो तसाच राहतो. मध्येच कुठेतरी जॅक लावून कापायला घेतले, तर गाडी वाकलेल्या आकारातच वेल्ड होते.

यानंतरची पायरी कधीच टाळू नये. दाराच्या चौकटीत पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये 25 मिमीची चौकोनी नळी टाके मारून बसवावी, जमल्यास एक तिरकी आडणीही द्यावी. त्याआधी दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. साधारण 4 मिमीची सारखी फट अपेक्षित असते. एका वेळी एकच बाजू उघडावी.

पुढचे मडगार्ड बोल्टवर असते. दाराच्या खांबाजवळचे बोल्ट गंजून अडकतात आणि तिथे हातही नीट जात नाही, म्हणून आदल्या दिवशीच त्यांना भेदक तेल द्यावे. मागचे मडगार्ड वेल्ड केलेले असल्याने त्याचा चाकापुढचा खालचा कोपरा कापावा लागतो. जुने सिल ग्राइंडरने मध्ये कापून काढावे आणि उरलेल्या कडांवरचे कारखान्याचे टाके 8 मिमीच्या टाका-कटरने सोडवावेत. कटर फक्त वरच्या पत्र्यापुरता चालवावा, खालची कड आपल्याला हवी असते.

आता आतून बाहेर यावे: आधी आतले सिल आणि कॅसल रेल, मग पडदा, शेवटी बाहेरचे सिल. पत्रा साधारण 1.2 मिमी जाडीचा असावा. मूळ साच्यांवर दाबलेले सुटे भाग आजही मिळतात, आणि स्वस्त भाग ठोकून बसवण्यात जाणारा वेळ पाहता तेच परवडतात. कडांना 25 ते 30 मिमी अंतरावर 6 मिमीची छिद्रे पाडावीत, एकमेकांना भिडणाऱ्या पृष्ठांवर वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावावा आणि सिल क्लॅम्प व स्क्रूंनी पक्के करावे. मग दार बिजागऱ्यांवर टांगावे, मडगार्ड तात्पुरते लावावे आणि फटी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. फट बिघडली असेल, तर ती सुधारण्याची हीच शेवटची संधी असते. पहिला पक्का टाका पडला की ती संधी गेली.

मिग वेल्डिंगला (यात यंत्रातून सतत येणारी तार वितळून सांधा भरते) 0.6 मिमी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायू चांगला. कडांची छिद्रे वेल्डने ओळीने न भरता एक पुढे, एक मागे अशी भरावीत. एकाच जागी उष्णता साचली की लांब पत्रा लाटेसारखा वर-खाली होतो. टाक्याची पारख हवी असेल, तर आधी दोन भंगार तुकडे जोडून छिन्नीने वेगळे करून पाहावेत. टाका न सुटता पत्राच फाटला, तर वेल्ड आत शिरला आहे.

रंगानंतर पोकळीत लांब नळीच्या फवाऱ्याने मेण सोडावे, ते खालच्या खाचांतून ठिबकू लागेपर्यंत. मडगार्डच्या आतली रबरी पट्टी नवी घालावी. तळाला डांबरी लेप देताना कॅसल रेलच्या खाचा मात्र मोकळ्या सोडाव्यात. त्या बुजल्या तर पाणी नव्या सिलच्या आतच अडून बसते.