मोठा टर्बो लावताना बाकीचं एवढं सगळं का बदलावं लागतं, त्यामागची पार्श्वभूमी

गाडीचा टर्बो अपग्रेड करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, की मोठा टर्बो घेतला ना, मग इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), इंजेक्टर (इंधन फवारणारे), वेस्टगेट, ऑइल लाइन, वर ईसीयूचं म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, हे सगळं कशाला? मला तरी याचं सगळ्यात चांगलं उत्तर टर्बोच्या इतिहासात सापडतं, कारण यातली प्रत्येक वस्तू कुठेतरी गाडं अडलं म्हणूनच आली आहे.

मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. एक्झॉस्टमधून गरम गॅस फुकट बाहेर जातो, त्यावर टर्बाइन फिरवायची आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कंप्रेसर लावून इंजिनात हवा कोंबायची, बस. पण एवढी उष्णता आणि एवढा स्पीड झेपणारं मटेरियल तेव्हा कुठे होतं, त्यामुळे खरं यश मिळायला १९२५ उजाडलं, दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली.

मधल्या काळात विमानवाले यात पडले होते. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरने लिबर्टी हे विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावर, साधारण १४,००० फुटांवर नेऊन चालवलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं आणि टर्बो जोडल्यावर परत ३५० च्या पुढे गेलं. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ बॉम्बरमध्ये टर्बोसोबत इंटरकूलरही होता, म्हणजे इंटरकूलर हे काही आजचं फॅड नाही. हवा दाबली की तापते, तापलेली हवा पातळ होते आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंगला, म्हणजे इंधन अवेळी, धक्क्याने पेटण्याला, आमंत्रण देते, हे तेव्हापासून माहीत आहे.

१९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्सची टर्बो डिझेल गाडी पोल पोझिशनला होती, पण ७१ लॅपनंतर बाहेर पडली, का तर ट्रॅकवरचा टायरच्या रबराचा चुरा टर्बोच्या इनलेटमध्ये जाऊन बसला. उघड्या तोंडाने, म्हणजे एअर फिल्टरशिवाय, टर्बो चालवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती १९६२ ची ओल्डस्मोबाइल जेटफायर, कारण आजही अपग्रेड करणारा माणूस तिथेच अडकतो. ३.५ लिटरचं व्ही८, कॉम्प्रेशन १०.२५ (म्हणजे सिलिंडरमधली हवा मुळातच दहा पटीहून जास्त दाबली जाते), आणि त्यावर टर्बो! आता एवढ्या कॉम्प्रेशनला बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा हवेचा दाब, दिला की नॉकिंग होणारच, म्हणून त्यांनी डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय केली, ती बाटली संपली की बूस्ट कापला जायचा. मालक लोक बाटली भरायचेच नाहीत, गाडीत दम नाही अशा तक्रारी आल्या आणि शेवटी कंपनीने बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर लावून दिला. कल्पना चुकीची नव्हती हं, आजचे वॉटर-मिथेनॉल किट तेच काम करतात. कमी होती ती इंजिनाला स्वतःहून नॉकिंग ओळखता येण्याची, ती साब या स्वीडिश कार कंपनीच्या नॉक सेन्सरवाल्या सिस्टिमने ८० च्या दशकात भरून काढली. बूस्ट वाढवला आणि इंधन-इग्निशनचा मॅप जुनाच ठेवला तर पिस्टन का जातात, ते इथेच कळतं.

७० च्या दशकात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, मग पोर्शे ९११ टर्बो आली. ताकद भरपूर पण लॅगही तेवढाच, पाय दाबा आणि वाट बघा. साबने १९७७ मध्ये उलटा विचार केला, छोटा टर्बो लावायचा, तो लवकर फिरतो, आणि जास्तीचा गॅस वेस्टगेटने बाजूला काढायचा. रोजच्या गाडीत टर्बो टिकला तो या विचाराने, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वर्षी रेनॉने दीड लिटरचा टर्बो फॉर्म्युला वनमध्ये आणला आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या क्वालिफायिंग इंजिनांनी १००० हॉर्सपॉवर ओलांडली, मग १९८९ ते २०१३ तिथे टर्बोवर बंदीच होती.

अपग्रेडवाल्यांचा स्वतःचा शोध म्हणजे हायब्रिड टर्बो, गॅरेट या टर्बो कंपनीच्या टी३ टर्बाइनला मोठा टी४ कंप्रेसर. म्हणजे फिरायला हलका आणि हवा जास्त. पण टर्बाइन हाउसिंगचा ए/आर (गॅस आत येण्याच्या वाटेचं माप) लहान घेतला तर वर दम कोंडतो, मोठा घेतला तर परत लॅग, आणि कंप्रेसर इंजिनाला फारच मोठा झाला तर सर्ज होतो, म्हणजे हवा उलटी मागे धडकते. म्हणून कंप्रेसर मॅप (किती हवा आणि किती दाबाला तो नीट चालतो याचा आलेख) बघितल्याशिवाय टर्बो घेऊच नये.

राहिलं ऑइल. शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमने ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, गरम इंजिन झटकन बंद केलं की तेच ऑइल जळून बेअरिंगमध्ये कोळसा होतो, म्हणून पुढे टर्बोच्या मधल्या भागात पाणी फिरवायला लागले. रिटर्न पाइप मात्र अजूनही फक्त उतारावर चालतो. तो जाड हवा, सरळ खाली उतरणारा हवा आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलच्या लेव्हलच्या वर जोडलेला हवा, नाहीतर ऑइल तुंबून सीलमधून बाहेर येतं, निळा धूर दिसतो आणि लोक कोराकरकरीत टर्बो खराब निघाला म्हणून काढून टाकतात.