आपत्ती सौम्यीकरण निधीतून गावाच्या सुरक्षेचे काम: पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्तावाचा मार्ग

दरड कोसळल्यावर, पूर ओसरल्यावर किंवा वीज पडून माणूस दगावल्यावर पंचनामा होतो आणि शासनाची मदत मिळते, हे गावोगाव ठाऊक आहे. ती मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. आपत्ती येण्याआधीच तिची झळ कमी करणाऱ्या कामांसाठी मात्र राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी हा स्वतंत्र निधी आहे आणि तो मागण्याची रीतही नुकसानभरपाईपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. येथे झालेले नुकसान नव्हे, तर समोर असलेला धोका सिद्ध करावा लागतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील आणि कलम ४८ मध्ये राज्य व जिल्हा पातळीवरील सौम्यीकरण निधीची तरतूद आहे. कायद्यात तरतूद असली, तरी तिला ठोस आर्थिक बळ मिळाले ते १५व्या वित्त आयोगाच्या शिफारशींमुळे. आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांचा मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांचा आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधी सुचवला. त्यातील ८० टक्के वाटा प्रतिसादासाठी आणि २० टक्के, म्हणजे सुमारे ३२,०३१ कोटी रुपये, सौम्यीकरणासाठी ठेवण्यात आला. महाराष्ट्रासारख्या राज्यांत यातील ७५ टक्के भार केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. एप्रिल २०२६ पासूनचा कालावधी १६व्या वित्त आयोगाचा असल्याने प्रस्ताव करण्यापूर्वी मदत व पुनर्वसन विभागाचा त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय आणि मार्गदर्शक सूचना जिल्हाधिकारी कार्यालयातून मागून घ्याव्यात.

कोण मागू शकतो आणि कशासाठी

हा वैयक्तिक लाभाचा निधी नाही. घराच्या मागची संरक्षक भिंत बांधून द्यावी, असा एखाद्या कुटुंबाचा अर्ज या मार्गाने पुढे जात नाही. मागणी ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा संबंधित शासकीय यंत्रणेमार्फत, वस्तीच्या वतीने करावी लागते. स्वयंसेवी संस्था सर्वेक्षण, नकाशे, लोकांच्या बैठका यांत मोलाची मदत करू शकते, पण प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या नावे असलेला बरा.

कामाच्या पात्रतेबाबत वित्त आयोगाची भूमिका स्पष्ट होती. स्थानिक पातळीवरील आणि लोकसहभागावर आधारलेली, जोखीम कमी करणारी कामे या निधीतून व्हावीत. समुद्रकिनाऱ्यावरील मोठ्या भिंती, पूरतटबंदी आणि दुष्काळ निवारणाचे मोठे कार्यक्रम नियमित विकास योजनांतून करावेत. ही एक ओळ माहीत नसल्याने अनेक गावे अख्ख्या नदीचा तट बांधून मागतात आणि फाइल जागेवरच थांबते. डोंगरउताराचे पाणी वळवणारे चर, जाळीच्या दगडी भिंती, शाळा किंवा समाजमंदिरावर वीजरोधक यंत्रणा, भोंग्यासह पूर्वसूचना व्यवस्था, खाडीकाठी कांदळवनाची लागवड अशी मर्यादित आणि नेमकी कामे या चौकटीत बसण्याची शक्यता अधिक असते. वीज कोसळणे ही राज्याने स्थानिक आपत्ती म्हणून मान्य केलेली असल्याने विदर्भ आणि मराठवाड्यातील गावांनी हा विषय जरूर विचारात घ्यावा. सुशोभीकरण, अंतर्गत रस्ते, सभागृहाची दुरुस्ती अशा कामांना ‘आपत्ती’ हे नाव जोडून काही साधत नाही. तपासणी करणारे अधिकारी ते पहिल्याच पानावर ओळखतात.

धोका कागदावर कसा आणायचा

प्रस्तावाचा जीव येथे आहे आणि बहुतेक प्रस्ताव येथेच दुबळे असतात. कामाचे वर्णन चार पाने आणि धोक्याचे वर्णन दोन ओळी, असे चित्र नेहमी दिसते. दरडीच्या धोक्यासाठी उतारावर पडलेल्या भेगांची लांबी व रुंदी, कलते झालेले विजेचे खांब व झाडे, पावसाळ्यात अचानक गढूळ होणारे झऱ्याचे पाणी, घरांच्या जोत्यांना गेलेले तडे यांची तारखेसह आणि अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे घ्यावीत. तीच भेग जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये मोजपट्टी ठेवून टिपली, तर तो पुरावा कोणत्याही वर्णनापेक्षा वजनदार ठरतो. धोक्याच्या पट्ट्यात किती घरे, किती माणसे, किती लहान मुले, वृद्ध व दिव्यांग आहेत, याची यादी अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नोंदींवरून करावी.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या दरडप्रवणता नकाशात गावाचा उल्लेख असेल, तर तो भाग जोडावा. नसेल तरी मागणी सोडू नये. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच सांगितले होते. यादीबाहेरच्या गावाने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत भूवैज्ञानिक पाहणीची लेखी मागणी करून ती प्रत प्रस्तावासोबत ठेवावी.

कागदपत्रे

सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होते. ठरावात काम, जागा, गट क्रमांक आणि कोणत्या आपत्तीचा धोका आहे ते स्वच्छ लिहिलेले असावे आणि सभेची गणपूर्ती झाल्याची नोंद इतिवृत्तात असावी. त्यासोबत जागेचा सातबारा किंवा गावठाणातील मिळकतीचा उतारा, खासगी जमीन असल्यास मालकाचे संमतीपत्र, गाव नकाशावर दाखवलेले कामाचे ठिकाण आणि मागील घटनांचे पंचनामे जोडावे लागतात. अंदाजपत्रक चालू दरसूचीनुसार संबंधित यंत्रणेच्या अभियंत्याने केलेले असावे आणि त्यावर सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता असावी. डोंगर वनहद्दीत असेल तर वन विभागाची, किनाऱ्यालगत काम असेल तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, आणि सर्वाधिक वेळ तिथेच जातो. म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करावा. हेच काम रोजगार हमी, जिल्हा वार्षिक योजना किंवा अन्य शीर्षाखाली मंजूर नसल्याचे प्रमाणपत्र आणि पूर्ण झाल्यानंतर देखभाल कोण करणार याची लेखी हमी, हे दोन कागद राहून गेल्यामुळे प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी परत आल्याचे वारंवार दिसते.

प्रस्तावाचा प्रवास

ग्रामपंचायतीकडून प्रस्ताव तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी यांच्यामार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जातो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. स्थळपाहणी आणि छाननीनंतर प्राधिकरणाच्या बैठकीत शिफारस झाली, की तो मदत व पुनर्वसन विभागाकडे जातो आणि पुढे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य कार्यकारी समितीसमोर येतो. समितीच्या मान्यतेनंतर प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय निघतो, निधी जिल्ह्याकडे वर्ग होतो आणि काम नेमलेली यंत्रणा निविदा काढून करते. ग्रामपंचायतीच्या खात्यात रक्कम थेट जमा होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

यात एक गोष्ट आधी साधून ठेवावी. कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा असतो. त्या आराखड्यात आपल्या वाडीचा, ओढ्याचा किंवा उताराचा उल्लेख आलेला असेल, तर छाननीच्या वेळी धोका नव्याने पटवून द्यावा लागत नाही. त्यामुळे तहसील पातळीवरच्या मान्सूनपूर्व बैठकीत सरपंचांनी हा विषय लेखी द्यावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही ते पाहावे.

प्रस्ताव सादर करताना आवक क्रमांक व दिनांक असलेली पोच घ्यावी. बराच काळ उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली प्रस्तावाची सद्यःस्थिती, छाननीतील शेरे आणि ज्या बैठकीत तो ठेवला गेला तिच्या इतिवृत्ताची प्रत मागता येते. अशा अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. शेरे हाती आले की त्यातील प्रत्येक मुद्द्याची पूर्तता स्वतंत्र परिच्छेदात करून, जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन तोच प्रस्ताव पुन्हा सादर करावा. नवा प्रस्ताव केल्यास फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाण्याची शक्यता असते.