एक गो तांदूळ, दहा सुशी

टोकियोतल्या जुन्या सुशी दुकानात शिरलं की आधी दिसतो तो हिनोकी लाकडाचा सलग, कोरा काउंटर. पलीकडे कारागीर उभा, अलीकडे आठ-दहा खुर्च्या. तो एकेक निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप, हाताने वळून समोर ठेवतो आणि आपण ती भात कोमट आहे तोवर तोंडात टाकायची. हे सगळं एदो काळापासून, म्हणजे टोकियोचं नाव एदो होतं तेव्हापासून, जसंच्या तसं चालत आलं असेल असं वाटतं, पण तेव्हा बरंचसं उलटं होतं. सुशीच्या गाडीवर कारागीर बसलेला असे आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या खाई. पक्क्या दुकानांतही माल मुख्यतः घरपोच जायचा किंवा बांधून न्यायचा. आजचा काउंटर म्हणजे ती गाडीच, दुकानात घेतलेली. फक्त बसणारा आणि उभा राहणारा यांची अदलाबदल झाली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. बिवा सरोवराकाठच्या फुनाझुशीसाठी मासे महिनोन् महिने भातात आंबवायचे आणि तो भात बहुधा टाकून द्यायचा. मग व्हिनेगर आलं आणि आंबवण्याची वाट बघणं संपलं. 1820 च्या दशकात सुमिदा नदीकाठी हाताने वळलेली निगिरी चालू झाली. तिचं श्रेय एकाच माणसाला देतात, ते कितपत खरं यावर अजून वाद आहेत. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यापासून केलेलं लाल व्हिनेगर तेव्हा स्वस्तात मिळू लागलं होतं, हे कारण मला जास्त पटतं. टोकियोतलं सर्वांत जुनं म्हणवणारं सुशी दुकान मात्र 1702 चं, म्हणजे निगिरीच्याही आधीचं. तिथे आजही बांबूच्या पानात गुंडाळलेली सुशी विकतात.

खरा वाद आहे तो निगिरी देशभर पसरली कशी याचा. नेहमीचं उत्तर 1923 च्या भूकंपाचं. टोकियो बेचिराख झालं, कारागीर आपापल्या गावी परतले, हातातली कला सोबत गेली. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाई इतकी होती की जुलै 1947 मध्ये सरकारने हुकूम काढून जवळपास सगळी खाद्यगृहं बंद केली. खानावळी सुटल्या त्या फक्त रेशनच्या तिकिटांवर चालणाऱ्या. सुशीवाल्यांपुढे दुकानाला कुलूप लावण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नव्हता. टोकियोतल्या सुशीवाल्यांनी मग एक पळवाट शोधली: आम्ही जेवण विकतच नाही, गिऱ्हाइकाने आणलेल्या तांदळाची सुशी करून देतो आणि घेतो ती फक्त मजुरी. आपल्याकडे गिरणीवर दळण टाकावं, तसाच प्रकार. अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं. माप ठरलं ते असं: एक गो तांदूळ आणायचा आणि दहा सुशी न्यायच्या, त्यातच गुंडाळीची सुशीही धरलेली. गो हे तिथलं जुनं माप, 180 मिलिलिटरचं. तांदूळ भरतो दीडशे ग्रॅमच्या आसपास. मासळीवरही नियंत्रण होतं, म्हणून भातावर शिंपले, गोड्या पाण्यातले मासे, अगदी शिताके मशरूमसुद्धा चढले.

हा टोकियोचा तोडगा पुढे इतर प्रांतांनी उचलला. पण त्यातला हिशोब निगिरीचा होता. ओसाकाकडच्या लाकडी साच्यात दाबून केलेल्या सुशीची परंपरा निगिरीपेक्षा जुनी, तरी दुकान उघडं ठेवायचं तर निगिरी वळणं सोयीचं झालं. तिकडच्या लोकांना याचा सल अजून आहे आणि तो गैर म्हणता येणार नाही. कला भूकंपाने नेली असेल, पण धंद्याचा परवाना 1947 ने दिला, असं माझं मत. दुपारच्या ठरावीक ताटात आजही सात-आठ निगिरी आणि एखादी कापलेली गुंडाळी येते, त्यामागे हाच दहाचा आकडा असल्याचं सांगतात.

नंतरचे बदल झपाट्याने आले. शीतकपाटं आली आणि ट्यूनाचा चरबीदार भाग, तोरो, मिरवू लागला. पूर्वी त्याला ‘मांजरसुद्धा ओलांडून जाईल’ असा माल म्हणत. 1958 साली ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू झाली आणि जुनी दुकानं आपोआप महागातली ठरली. तिथे भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांवर माशांची नावं असत, आकडे नसत. फार तर ‘जिका’, म्हणजे आजचा भाव. मालवणी खानावळीच्या मेनूवर पापलेटपुढे ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं वाचून पोटात जो गोळा येतो, तोच इथेही. बिलाच्या या धास्तीवर उतारा म्हणूनही ठरलेल्या किमतीचं ‘ओमाकासे’ रुजलं: काय खायचं ते कारागीर ठरवणार. परदेशी पाहुणे यालाच मूळ परंपरा समजतात. जुन्या गिऱ्हाइकाची खूण मात्र ‘ओकोनोमी’ होती, म्हणजे हवं ते, हवं तेव्हा, एकेक मागून खाणं.

काही जुन्या दुकानांत अजून तसं मागता येतं. जाणकार तिथे तोरो मागत नाहीत, कोहादा मागतात. पाठीवर काळे ठिपके असलेला हा लहानसा चंदेरी मासा आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवतात. किती मिनिटं, ते माशाच्या जाडीवर आणि हवेवर. उन्हाळ्यात त्याची पिल्लं येतात, शिंको. ती इतकी चिमुकली की एका निगिरीवर दोन-तीन मासे लागतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला किलोचा भाव ट्यूनालाही मागे टाकतो.