आयरिश चव घरी शोधताना: बंदरातून गेलेलं लोणी, चुलीपाशी राहिलेला ब्रेड

आयर्लंडला जाऊन आलेली माणसं परतल्यावर बहुधा त्याच गोष्टींची आठवण काढतात. पिवळंधमक खारं बटर, ताकात पीठ भिजवून केलेला जाडसर तपकिरी सोडा ब्रेड, दूध घातलेला कडक चहा. घर पुण्यात असो, शिकागोत असो की सिडनीत, काही दिवसांतच ही चव जवळपास कुठे मिळेल याचा शोध सुरू होतो. बटर अनेक देशांत दुकानात सापडतं. ब्रेड जवळजवळ कुठेच सापडत नाही, आणि सापडला तरी खाल्ल्यावर तो ‘तो’ वाटत नाही. आयर्लंडमध्ये जे अन्न पिढ्यान् पिढ्या विकण्यासाठी तयार झालं, ते आजही जगभर पोचतं. जे गरिबाच्या चुलीवर उरल्यासुरल्यातून तयार झालं, त्याने बंदर कधी पाहिलंच नाही. म्हणून शोधाला लागण्याआधी त्या अन्नाचा इतिहास माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात लोण्यापासून करू. आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क शहर आहे. तिथल्या शँडन भागात १७७० मध्ये लोण्याचा बाजार उभा राहिला. केरी आणि आसपासच्या डोंगराळ भागातले शेतकरी घरी घुसळलेलं लोणी लाकडी पिंपांत भरून इथे आणायचे. घोड्यावर किंवा गाडीत लोणी लादून कॉर्ककडे येण्याच्या त्या वाटांना आजही ‘बटर रोड’ म्हणतात. बाजारातला तपासनीस प्रत्येक पिंपात एक लांब पोकळ सळई खुपसून अगदी तळापर्यंतचा नमुना काढायचा. रंग, वास, मीठ बघून प्रत ठरायची आणि तिची खूण पिंपावर उमटवली जायची. वर चांगलं आणि खाली खवट, ही लबाडी त्यामुळे चालेनाशी झाली. कॉर्कच्या खुणेवर परदेशातले व्यापारी डोळे मिटून विश्वास ठेवू लागले. भरपूर मीठ घातलेलं हे लोणी वेस्ट इंडीजच्या उष्ण हवेतही टिकायचं. एकोणिसाव्या शतकात हा जगातला सर्वांत मोठा लोणीबाजार मानला जाई.

या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोणी घुसळणाऱ्या घरात ते खाल्लं जात नसे. ते विकून जमिनीचा खंड भरायचा. घरात राहायचं ते ताक आणि बटाटे. १८४० च्या दशकात देशातली जवळपास एक तृतीयांश जनता बटाट्यावरच जगत होती, त्यातही मुख्यतः ‘लंपर’ या एकाच वाणावर. १८४५ मध्ये करपा आला आणि पीक जमिनीतच सडलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेतली सुमारे ८२ लाखांची लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांच्या आसपास आली. त्या वर्षांतही कॉर्कच्या बंदरातून लोण्याची पिंपं जहाजांवर चढतच होती. आज कौतुकाने खाल्ल्या जाणाऱ्या आयरिश बटरमागे हे आहे, आणि ते विसरून त्याच्या चवीबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

पुढे डेन्मार्कने कारखान्यात यंत्रावर काढलेलं, कमी मिठाचं, एकसारख्या चवीचं ताजं लोणी ब्रिटिश बाजारात आणलं. घरोघरच्या पिंपांचा त्यापुढे टिकाव लागेना. अखेर १९२४ मध्ये कॉर्कचा बाजार बंद पडला. मात्र त्याआधीच, १८८९ पासून, होरेस प्लंकेट यांच्या पुढाकाराने आयर्लंडमध्ये सहकारी दूधसंस्था उभ्या राहू लागल्या होत्या. गावागावातल्या दूध डेअऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. या संस्थांच्या मालाची परदेशात विक्री करण्यासाठी १९६१ मध्ये ‘बोर्ड बान्या’ हे दूधमंडळ स्थापन झालं. रग्बीपटू म्हणून गाजलेल्या टोनी ओ’रायली यांनी लवकरच त्याची धुरा हाती घेतली. १९६२ मध्ये ‘केरीगोल्ड’ हे नाव ठरलं आणि बटर प्रथम ब्रिटनमध्ये विकायला गेलं. खुद्द आयर्लंडच्या दुकानांत ते या नावाने आलं १९७३ मध्ये, म्हणजे तब्बल अकरा वर्षांनी. पर्यटक ज्याला तिथली घरगुती चव समजतो, ते नाव मुळात परदेशी गिऱ्हाइकासाठी घडवलेलं आहे.

तरीही एका ठिकाणी ते मिळेना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५३ चा एक कायदा आहे: राज्याच्या किंवा केंद्राच्या मान्यताप्राप्त परीक्षकाने प्रत ठरवल्याशिवाय बटर विकायचं नाही. दुकानदाराला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. कायद्याची अंमलबजावणी कडक झाल्यावर आयरिश बटर तिथल्या फळ्यांवरून गेलं. लोक शेजारच्या राज्यात गाडी नेऊन महिन्यांची बेगमी करू लागले. २०१७ मध्ये काही ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि त्याच वर्षी प्रत ठरवण्याची सोय होऊन ते बटर परतलं. लोण्याची प्रत नेमलेल्या तपासनिसाने ठरवावी हा आग्रह ज्या देशाने अठराव्या शतकातच धरला होता, त्याच्याच लोण्याला ही अडचण यावी!

रंगाबद्दल थोडं. आयर्लंडच्या गाई वर्षाचा मोठा भाग कुरणात चरतात. हिरव्या गवतातलं कॅरोटीन हे रंगद्रव्य गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतं, म्हणून लोणी पिवळं. म्हैस त्याच कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून आपलं म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र. तेव्हा घरी त्या चवीच्या जवळ जायचं तर गाईच्या दुधाची साय विरजून लोणी काढावं आणि धुऊन झाल्यावर त्यात बारीक मीठ मळावं. ओला चारा भरपूर असतो त्या दिवसांत काढलेलं लोणी जास्त पिवळं उतरतं.

कॉर्न्ड बीफचा, म्हणजे खारवलेल्या गोमांसाचा, शोध मात्र सोडून द्यावा. सतराव्या-अठराव्या शतकांत कॉर्कहून खारवलेलं गोमांस आरमाराला आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यांना जायचं, पण सामान्य आयरिश माणसाला ते परवडत नसे. न्यूयॉर्कला गेलेल्या आयरिश लोकांना ते ज्यू खाटकांकडे स्वस्तात मिळालं आणि तिथेच ते त्यांच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या सणाचं झालं. आयर्लंडमधल्या घरात कोबीबरोबर शिजतं ते डुकराचं खारवलेलं मांस.

चहाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत आयर्लंडचा चहा लंडनच्या बाजारातून यायचा. युद्धात ब्रिटनने पुरवठा कापला आणि माणशी रेशन एका टप्प्यावर आठवड्याला अर्धा औंस, म्हणजे सुमारे चौदा ग्रॅमवर आलं. त्यानंतर आयर्लंडने पिकवणाऱ्या देशांकडून थेट खरेदीचा मार्ग धरला. तिथल्या मिश्रणांत आसामचा चहा जुना, पूर्व आफ्रिकेचा नंतरचा. आपल्या वाण्याकडची चांगली आसाम सीटीसी पूड किटलीत चार-पाच मिनिटं मुरू द्यावी, न उकळता, आणि दूध वरून घालावं. एवढ्याने काम भागतं.

राहिला ब्रेड, आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. आयर्लंडच्या दमट हवेत पिकतो तो मऊ गहू. त्यात चिकटपणा कमी, म्हणून यीस्टने तो नीट फुगत नाही. १८३० च्या दशकापासून खाण्याचा सोडा स्वस्तात मिळू लागला. घरात लोणी काढून उरलेलं आंबट ताक होतंच. आंबट ताक आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ तासन् तास आंबवत ठेवावं लागत नाही. बहुतेक घरांत भट्टी नव्हती. बॅस्टिबल नावाच्या जाड बिडाच्या भांड्यात गोळा ठेवून झाकणावर निखारे रचायचे, कोकणात तवसोळी (काकडीचा गोड केक) खाली-वर निखारे देऊन भाजायचे तसेच. म्हणजे या ब्रेडला लागणारं सगळं मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहे.

गिरणीतून गहू जाडसर दळून आणावा. चपातीचं बारीक पीठ ब्रेडला चिवट करतं. असं जाडसर पीठ २२५ ग्रॅम, मैदा २२५ ग्रॅम, सोडा आणि मीठ प्रत्येकी एक छोटा सपाट चमचा. ताक घुसळलेलं, दाट, आंबट हवं. पिशवीतलं जिरं-मीठ घातलेलं मठ्ठ्यासारखं ताक चालणार नाही. ते साधारण ४०० मिली लागतं, पण आपल्या पिठाला थोडं जास्तही लागू शकतं. हाताने जेमतेम गोळा करावा. मळू नये, कारण मळलं की ब्रेड दगड होतो. वरून सुरीने खोल अधिकचं चिन्ह कापावं, म्हणजे मधला भाग शिजतो. सोडा ताकाला लागताक्षणी कामाला लागतो, म्हणून ओव्हन आधीच २३० अंश सेल्सिअसवर तापलेला असावा. पंधरा मिनिटांनी २०० अंशांवर आणून आणखी अर्धा तास भाजावा. बुडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. कवच मऊ हवं असेल तर लगेच सुती फडक्यात गुंडाळावा. खायचा त्याच दिवशी. उरला तर दुसऱ्या दिवशी तव्यावर भाजून, लोण्याचा हात सैल सोडून.