ख्रिस्ती मंडळीतील वर्णभेद आणि सहभागिता

वंश, त्वचेचा रंग किंवा वांशिक उगम यांवरून ख्रिस्ती मंडळीत केला गेलेला भेद, आणि तो मोडून निरनिराळ्या वंशांच्या, भाषांच्या व संस्कृतींच्या लोकांनी एकत्र उपासना करण्याची आणि एकत्र मंडळी चालवण्याची परंपरा, असा या विषयाचा आवाका आहे. नव्या करारातील ‘कॉइनोनिया’ या ग्रीक शब्दासाठी मराठी ख्रिस्ती वापरात ‘सहभागिता’ हा शब्द रूढ आहे. त्यात सोबत बसणे आले, तसेच भाकर, पैसा, अधिकार आणि दुःख वाटून घेणेही आले. हा दुसरा अर्थ लक्षात ठेवावा लागतो, कारण मंडळीत वर्णभेद बहुतेक वेळा बाकांच्या रांगांतून, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या, प्याल्यातून आणि दीक्षेच्या नियमांतून शिरला. त्याला आधार देणारी धर्मवचने पुष्कळदा नंतर शोधली गेली.

प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत तक्रार उठते, की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. दोन्ही बाजू यहूदीच. भेद भाषेचा आणि चालीरीतींचा. प्रेषितांनी नुसती समजूत घालून विषय मिटवला नाही. वाटपाचे काम सात जणांकडे सोपवले गेले आणि स्तेफन, फिलिप्प, प्रखर यांच्यापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची उपेक्षा झाली, बहुधा त्याच गटाच्या हाती वाटप गेले. पुढच्या वीस शतकांत मंडळ्यांनी वर्णभेदावर जे जे उपाय केले, त्यांत याइतका धीट उपाय क्वचितच सापडतो.

अंत्युखिया येथील मंडळीच्या पुढाऱ्यांची नावे तेराव्या अध्यायात येतात. सायप्रसचा बर्णबा, निग्र म्हणजे ‘काळा’ म्हटला जाणारा शिमोन, उत्तर आफ्रिकेतील कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्ससचा शौल, म्हणजेच पौल. ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा याच शहरात पडले, आणि येशूचा प्रमुख शिष्य पेत्र चुकला तोही याच शहरात. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहूदी माणसे आल्यावर मात्र तो कचरला आणि वेगळा बसू लागला. पाहता पाहता बर्णबाही त्यांच्यात ओढला गेला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला धारेवर धरले. पेत्राने शिकवणीतले एक अक्षर बदलले नव्हते, पंगत बदलली होती. तेवढ्यानेही सुवार्तेच्या सत्याला बाधा येते, असे पौलाचे म्हणणे. ‘यहूदी नाही व ग्रीक नाही, दास नाही व स्वतंत्र नाही’ हे त्याचे गाजलेले वचन याच पत्रात, या भांडणानंतर येते. ते वाचताना ही पंगत डोळ्यांसमोर असावी.

त्वचेच्या रंगावर उभा राहिलेला वर्णभेद मात्र अटलांटिक गुलामव्यापाराबरोबर फोफावला. पोप पाचवे निकोलस यांनी १४५५ मध्ये पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतरांना कायमचे गुलाम करण्याची मुभा दिली. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांना गुलाम करण्याला मनाई केली, तरी आफ्रिकेतून होणारी माणसांची वाहतूक चालूच राहिली. गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो मोकळा होतो का, हा प्रश्न मळेवाल्यांना सतावत होता. व्हर्जिनिया वसाहतीने १६६७ मध्ये कायदा करून उत्तर दिले, की बाप्तिस्म्याने दास्य संपत नाही. समर्थनासाठी बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील नोहाचा शाप पुढे केला जाई. आफ्रिकी लोक नोहाचा मुलगा हाम याचे वंशज असून शाप त्यांना लागू होतो, असा दावा असे. वास्तविक तेथे शाप हामाला नसून त्याच्या मुलाला, कनानाला आहे, आणि रंगाचा तर उल्लेखही नाही.

बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन मळा १७१० मध्ये मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चच्या एका मिशन संस्थेकडे आला. सुवार्ता पसरवणे हेच या संस्थेचे काम. मळ्यावरच्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने एक शब्द डागला जाई: ‘सोसायटी’. संस्थेच्या नावातलाच तो शब्द. इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने या साऱ्याबद्दल २००६ मध्ये माफी मागितली.

जे गुलाम नव्हते त्यांनाही मंडळीत जागा मोजूनमापून मिळे. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस घडलेला प्रसंग तेथील कृष्णवर्णीय उपदेशक रिचर्ड ॲलन यांनी लिहून ठेवला आहे. कृष्णवर्णीय उपासक सज्ज्यावर गुडघे टेकून बसले होते, प्रार्थना चालू होती. एका विश्वस्ताने ॲब्सलम जोन्स यांना धरून उठवायला सुरुवात केली. त्यांनी नेमून दिलेली जागा सोडून दुसरीकडे गुडघे टेकले होते, एवढेच कारण. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, अशी विनंती जोन्स यांनी केली. ती मानली गेली नाही. प्रार्थना संपल्यावर सारे एकत्र उठून बाहेर पडले. त्यातून १७९४ मध्ये बेथेल चर्च आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र संप्रदाय उभा राहिला. अशा ‘काळ्या चर्च’ला फुटीर म्हणण्याची चूक आजही होते. ती माणसे फुटून निघाली नव्हती, त्यांना गुडघ्यांवरून उठवले गेले होते.

अधिकाराच्या बाबतीतही तेच. पेरूमधील लिमा येथे मार्टिन दे पोरेस (१५७९–१६३९) यांची आई आफ्रिकी वंशाची असल्याने नियमाप्रमाणे त्यांना डोमिनिकन या संन्यासी संघाचे पूर्ण सदस्यत्व मिळू शकत नव्हते. त्यांनी मठात नोकराची कामे करत सुरुवात केली. १९६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. गुलामीत जन्मलेल्या ऑगस्टस टॉल्टन यांना अमेरिकेतील एकही सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, घेईना. रोममध्ये शिकून १८८६ मध्ये ते धर्मगुरू झाले. सॅम्युअल अजाई क्राउदर हे १८६४ मध्ये अँग्लिकन परंपरेतले पहिले आफ्रिकी बिशप झाले खरे, पण उतारवयात तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांचे अधिकार काढून घेतले आणि त्यानंतर लवकरच, १८९१ मध्ये, ते वारले.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, आधी मान्य केले, की नवख्रिस्ती बांधवांनी आहे त्याच मंडळीत सामील व्हावे हे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. लगेच पुढे पुस्ती जोडली: ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ तसे जमत नसेल, तर त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. गोऱ्यांना इतरांबरोबर प्रभुभोजन घ्यायचे नव्हते, ती ही दुर्बलता. सवलत म्हणून दिलेली मुभा नियम झाली, १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले आणि विसाव्या शतकात अपार्थाइडच्या, म्हणजे कायद्याने वंश वेगळे ठेवणाऱ्या, राजवटीला याच चर्चमधून बायबलचे दाखले पुरवले गेले. विरोधही याच घरातून झाला. या चर्चचे पाळक बेयर्स नॉडे यांनी १९६३ मध्ये आपली मंडळी सोडून वर्णभेदविरोधी ख्रिस्ती संस्थेचे काम पत्करले. पुढे सरकारने त्यांच्यावर सात वर्षे बंदी घातली. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने अपार्थाइडचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड ठरवले. त्याच वर्षी मिशन चर्चने बेल्हार कबुलीजबाबाचा, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाचा, मसुदा केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. ऐक्य, समेट आणि न्याय ही त्याची तीन सूत्रे. त्यातला न्याय महत्त्वाचा, कारण न्यायाशिवाय समेटाची हाक ही मार खाल्लेल्यालाच गप्प बसायला सांगण्यासारखी असते.

एकत्र येण्याचे प्रयत्न जेथे फळले, तेथेही ते टिकवणे जड गेले. विल्यम सीमोर हे गुलाम राहिलेल्या आईबापांचे पुत्र. ह्यूस्टनच्या बायबल शाळेत गोऱ्या विद्यार्थ्यांसोबत बसण्याची परवानगी नसल्याने त्यांनी वर्गाबाहेर बसून, किलकिल्या दारातून धडे ऐकले. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर त्यांच्या नेतृत्वाखाली जी सभा सुरू झाली, तीत काळे, गोरे, मेक्सिकन सारे एकत्र गुडघे टेकत. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी पेन्टेकॉस्टल चळवळ तेथून जगभर गेली. पण अमेरिकेत ती काही वर्षांतच रंगावरून दुभंगली आणि १९४८ मध्ये निघालेला तिचा महासंघ निव्वळ गोऱ्या संप्रदायांचा होता. १९९४ मध्ये मेम्फिस येथे तो विसर्जित करून नवा, मिश्र महासंघ स्थापन झाला. त्या सभेत एका गोऱ्या पाळकाने रडत रडत एका कृष्णवर्णीय बिशपांचे पाय धुतले.

त्यानंतर कबुल्यांची रांग लागली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४५ मध्ये वेगळ्या झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९९५ मध्ये माफी मागितली. कॅरिबियनहून ब्रिटनमध्ये आलेल्या विंडरश पिढीला चर्चच्या दारात जी वागणूक मिळाली, तिच्याबद्दल इंग्लंडच्या चर्चने २०२० मध्ये दिलगिरी व्यक्त केली.

अमेरिकेतील अभ्यासक कोणत्याही एका वंशाचे लोक ८० टक्क्यांहून अधिक नसलेल्या मंडळीला बहुवांशिक म्हणतात. अशा मंडळ्यांचे प्रमाण १९९८ मध्ये सुमारे ६ टक्के होते, २०१९ मध्ये ते सुमारे १६ टक्के झाले. वाढ खरी आहे, पण चेहरे मोजून सहभागिता कळत नाही. गाणी कोणाच्या भाषेत, प्रवचन किती लांब, मुलांना कोण शिकवते, पैशाचा हिशेब कोणाकडे आणि वडीलमंडळात कोण, यावर ती ठरते. पुष्कळ मिश्र मंडळ्यांत अल्पसंख्य सभासदांनीच आपली रीत सोडावी असे गृहीत धरलेले असते, आणि काही वर्षांत ते थकून निघून जातात. उलट निर्वासितांनी किंवा स्थलांतरितांनी आपल्या भाषेत वेगळी उपासना चालवणे हा वर्णभेद नव्हे. परक्या देशात मायबोलीत प्रार्थना करता येणे हा मोठा आधार असतो. दार इतरांसाठी उघडे आहे की नाही, एवढेच पाहावे.

दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांसाठी काढलेले चर्च एक होऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च झाले. गोऱ्यांसाठी राखलेल्या मूळ चर्चशी त्याची बोलणी वर्षानुवर्षे चालली. बेल्हार कबुलीजबाब सर्वांना बंधनकारक करायचा की नाही, या मुद्द्यावर ती पुन्हा पुन्हा अडली.