रेडॉनचा नकाशा काय सांगतो?

खडकांत आणि मातीत अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमचा क्षय होत होत रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन हा रंग-गंधहीन किरणोत्सारी वायू. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मा वायू क्षय पावायला लागणारा वेळ, जेमतेम 3.8 दिवसांचा असल्यामुळे, तेवढ्या अवधीत तो जमिनीतून वर येऊन इमारतीच्या पायातील भेगांमधून घरात शिरतो की वाटेतच संपतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून कोणत्या भागातील घरांत रेडॉन अधिक असेल, याचा अंदाज बांधताना केवळ खडकातील युरेनियम पाहून भागत नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल व डेव्हनच्या युरेनियमयुक्त ग्रॅनाइटवरील घरांत रेडॉन जास्त सापडतो, हे अपेक्षितच आहे. परंतु फिनलंडमध्ये हिमनद्यांच्या वितळपाण्याने साचवलेल्या वाळू-गोट्यांच्या लांबट टेकड्यांवरही तो जास्त आढळतो, कारण त्या मोकळ्या थरांतून हवा सहज खेळते. उलट, ओल्या चिकणमातीचा जाड थर त्याला अडवून धरतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात घरांतील मोजमापे, भूविज्ञान, विमानातून टिपलेला किरणोत्सार, मातीची वायू वाहू देण्याची क्षमता आणि पायाचे प्रकार यांचा मेळ घालून प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, रेडॉनच्या अपेक्षित पातळीनुसार तीनपैकी एका विभागात बसवले होते. अर्थात काउंटीची हद्द प्रशासनाने आखलेली असते, खडकांनी नव्हे. ब्रिटनची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते: जिथे किमान 1 टक्का घरांत रेडॉनची पातळी दर घनमीटरला 200 बेकेरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक असण्याची शक्यता आहे, तो भाग तेथे ‘बाधित’ मानला जातो. म्हणजे नकाशा फक्त संभाव्यता सांगतो, एखाद्या घराबद्दल निकाल देत नाही. पाया, तळघर आणि वायुवीजन यांतील फरकांमुळे शेजारच्या दोन घरांतील आकडेही कित्येक पटींनी वेगळे निघू शकतात.

त्यामुळे शेवटी मोजणी घरातच करावी लागते. ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकच्या दोन लहान डब्या, एक बैठकीच्या खोलीत आणि एक शयनगृहात, तीन महिने ठेवतात. रेडॉनच्या क्षयातून निघणाऱ्या अल्फा कणांनी आतील प्लॅस्टिकवर उमटवलेले सूक्ष्म चरे प्रयोगशाळेत रसायनाने ठळक करून मोजले जातात. हेच आकडे पुढे नकाशा सुधारण्यासाठी वापरता येतात. मात्र, ज्यांना आधीच शंका असते तेच लोक जास्त प्रमाणात मोजणी करून घेत असतील, तर त्या भागाचे चित्र आहे त्याहून गडद दिसते, आणि ही त्रुटी आधी दूर केल्याशिवाय त्या आकड्यांवरून काढलेला अंदाज विश्वासार्ह ठरत नाही.