दोघीही काळ्या, दोघीही स्टाउट: डब्लिनची आणि गरम देशांतली

घोडबंदर रोडला किंवा वाशी-बेलापूरला मायक्रोब्रुअरीत चौघं बसले आणि मेन्यूकार्डावर 'स्टाउट' ही काळी बिअर दिसली की दोन मतं हमखास ऐकू येतात. आयर्लंडला जाऊन आलेला सांगतो, स्टाउट कडवट असते, अजिबात गोड नसते आणि पोटाला हलकी वाटते. श्रीलंकेची सहल करून आलेला म्हणतो, छे, चांगली गोडसर असते आणि एका बाटलीत डोकं जड होतं. तेवढ्यात तिसरा नुसता रंग बघूनच 'मला नको, हेवी असणार' म्हणून मोकळा होतो.

पहिले दोघंही खरं बोलत असतात. नाव एक, रंग एक, पण ते दोन निराळ्या बिअर प्यायलेले असतात. फसतो तो तिसरा, कारण रंगावरून बिअरच्या ताकदीचा अंदाज लागत नाही.

बिअरमधला अल्कोहोल येतो साखरेतून आणि साखर येते फिक्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतून. काळा रंग येतो तो करपण्याच्या बेताला येईपर्यंत भाजलेल्या दाण्यांतून, आणि ते लागतात अगदी थोडे. १८१७ साली डॅनियल व्हीलरने लंडनमध्ये माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. तेव्हापासून एवढा काळा माल्ट न जळता मिळू लागला. बाकी सगळं धान्य फिकं ठेवायचं आणि मूठभर काळं घालायचं, हा हिशेब तिथून पक्का झाला. पुढच्या वेळी ग्लास समोर आला की तो जरा तिरका करून दिव्यासमोर धरा. मधे गडद असली तरी कडेला, जिथे बिअरचा थर पातळ असतो, तिथे डाळिंबी लाल छटा दिसेल.

डब्लिनमध्ये नळावर मिळणारी गिनीज, म्हणजे तिथली सर्वात नावाजलेली स्टाउट, साधारण ४.२ टक्के अल्कोहोलची असते. आपल्या वाइन शॉपमधली 'माइल्ड' बिअर साधारण ५ टक्क्यांपर्यंतची आणि 'स्ट्राँग' त्याहून बरीच वर, ८ टक्क्यांपर्यंत जाणारी. म्हणजे ही काळी बिअर आपल्या माइल्डपेक्षाही सौम्य. उलट श्रीलंकेची लायन स्टाउट ८.८ टक्के. इथे मापही नीट बघायला हवं. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली, तर आयर्लंडमधला पाइंट ५६८ मिलीचा ग्लास. तो अख्खा ग्लास रिकामा केला तर पोटात जातो सुमारे २४ मिली अल्कोहोल. लायन स्टाउटच्या ३३० मिलीच्या बाटलीत असतो २९ मिली. छोट्या बाटलीत जास्त! 'एकच तर पाइंट घेतला' म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

चवीतला पहिला फरक दाण्याचा. आयरिश स्टाउटमध्ये मोड न आणलेली बार्लीच काळी भाजून घालतात. तिच्यामुळे बिनसाखरेच्या काळ्या कॉफीसारखी कडवट, किंचित आंबूस चव येते. शिवाय यीस्ट बहुतेक साखर खाऊन टाकतं, त्यामुळे घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडते. हिला 'ड्राय स्टाउट' म्हणतात ते म्हणूनच.

मग ती इतकी सायीसारखी मऊ का लागते? ते काम नायट्रोजनचं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वात सुंदर भाग हाच. साध्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो जिभेला चुरचुरतो. नायट्रोजन बिअरमध्ये जेमतेम विरघळतो, त्याचे बुडबुडे फार बारीक राहतात आणि तो आंबटपणाही आणत नाही. नळाच्या तोंडाशी बारीक भोकं पाडलेली चकती असते. तिच्यातून बिअर जोराने ढकलली जाते आणि ग्लासात तपकिरी ढग उसळतात. कडेचे बुडबुडे वर जायचे सोडून खाली जाताना दिसतात. ग्लासाच्या मधोमध वर चढणारा प्रवाह कडेने परत खाली वळतो आणि बारीक बुडबुड्यांना सोबत ओढून नेतो, म्हणून. मिनिट-दोन मिनिटांत ढग निवळतात, खाली काळी बिअर आणि वर बोटभर घट्ट फेस उरतो. ते पूर्ण होण्याआधी ग्लास उचलू नये.

ही युक्ती मायकेल ॲश या गणितज्ञाची. गिनीजमध्ये नोकरीला असताना त्याने ती बसवली आणि १९५९ साली ती बाजारात आली. त्याआधी आयरिश पबमध्ये दोन पिंपांतून ओतायचे, एकातली बिअर ताजी आणि फेसाळ, दुसऱ्यातली शांत झालेली. बिअरच्या कॅनमध्ये नायट्रोजन सोडणारी छोटी प्लास्टिकची कुपी ठेवून घरीही तसाच फेस आणायची सोय झाली ती १९८८ मध्ये.

गरम देशांतल्या स्टाउटचा उगमही डब्लिनच, पण तिची वाट फार आधी निराळी झाली. आर्थर गिनीजने डब्लिनमधली सेंट जेम्सेस गेटची ब्रुअरीची जागा १७५९ साली ९,००० वर्षांच्या करारावर घेतली. १८०१ मध्ये तिथे कॅरिबियन बेटांसाठी 'वेस्ट इंडिया पोर्टर' बनू लागली (पोर्टर म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली काळी बिअर). शिडाच्या जहाजात, उकाड्यात, कित्येक आठवडे पिंपात पडून राहणारी बिअर नासू नये म्हणून हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी आणि ती टिकवणारी फुलं, वाढवले, अल्कोहोल वाढवला. तीच पुढे 'फॉरिन एक्स्ट्रा स्टाउट' झाली. आज अनेक देशांत ती ७.५ टक्क्यांची मिळते, बाटलीत, नेहमीच्या गॅसवर, नायट्रोजनशिवाय. १८२७ मध्ये ती आफ्रिकेत सिएरा लिओनला पोचली.

सालं शेजारी ठेवून बघा. ज्या सायीसारख्या ग्लासाला आपण 'ओरिजिनल' म्हणतो तो १९५९ नंतरचा, आणि जिला आपण बिघडलेली, गोड केलेली नक्कल समजतो तिची परंपरा १८०१ ची. 'खरी स्टाउट फक्त डब्लिनला' हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

गोडवा आला तो पुढच्या टप्प्यावर. जमैका, त्रिनिदाद, श्रीलंका, सिंगापूर इथे स्थानिक ब्रुअऱ्यांनी स्वतःची स्टाउट काढली. त्यातल्या बऱ्याच मुळात लागर, म्हणजे थंडाईत आंबवलेली नेहमीची फिकी बिअर, बनवणाऱ्या, त्यामुळे हाताशी यीस्ट लागरचं. हे यीस्ट एरवी ८ ते १२ अंशांच्या थंडाईत सावकाश काम करतं. स्टाउटसाठी त्याला जास्त उबेत आंबवलं की मनुका-खजुराची आठवण देणारा फळांचा वास येतो. काही ठिकाणी साखरही घालतात. भाजकेपणा बेताचा ठेवतात आणि बरीच गोडी मागे उरू देतात. या जातीला 'ट्रॉपिकल स्टाउट' म्हणतात. जमैकाची ड्रॅगन स्टाउट ७.५ टक्क्यांची आहे. तिथे स्टाउटमध्ये कंडेन्स्ड मिल्क आणि जायफळ घालून पंचही करतात.

नायजेरियाचं प्रकरण आपल्याला जवळचं वाटावं असं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लागोसजवळ इकेजाला गिनीजची ब्रुअरी उभी राहिली. आफ्रिकेतली ही त्यांची पहिली. १९८८ मध्ये सरकारने बार्ली आणि माल्टच्या आयातीवर बंदी आणली, तेव्हा ब्रुअऱ्या वळल्या ज्वारीकडे. हो, आपण जिच्या भाकऱ्या थापतो तीच. डब्लिनहून येतो तो एक काळा, कडू, घट्ट अर्क. स्थानिक धान्याच्या फिक्या बिअरमध्ये तो मिसळला की स्टाउट तयार. ज्वारीमुळे चव बदलते, हे खरं. पण तिथल्या माणसाची गिनीज तीच, ती चाखूनच तो मोठा झालेला असतो. डब्लिनची नळावरची बिअर त्याला पाणचट वाटली तर नवल नाही.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. मिल्क स्टाउट इंग्लंडची, तिच्यात दूध नसून दुधातली साखर, लॅक्टोज असते. यीस्टला ती पचत नाही म्हणून गोडी तशीच राहते. ओटमील स्टाउटमध्ये ओट्स असतात, त्याने घोट गुळगुळीत होतो. इंपीरियल स्टाउट अठराव्या शतकात लंडनहून रशियाला जायची, आता अमेरिकन ब्रुअर ती १० टक्क्यांच्या पुढे नेतात. आणि मेन्यूकार्डावर कॉफी किंवा चॉकलेट स्टाउट लिहिलं असेल तर तो मूळ प्रकार नाही. कुठल्या तरी स्टाउटमध्ये तो स्वाद वाढवलेला असतो.

आता प्रश्न आपल्या ताटाचा. आयर्लंडमध्ये ड्राय स्टाउटबरोबर ऑयस्टर खातात. गॉलवेला १९५४ पासून त्याचा उत्सव भरतो. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं, जी आपल्या कोळीवाड्यांतल्या घरांना काही नवी नाहीत. खारट, समुद्राच्या चवीच्या कालवांवर कडवट कोरडी बिअर फार छान लागते, फक्त कालवं नुसत्या कांद्यावर, कमी मसाल्यात परतलेली हवीत. आगरी मसाल्यातलं मटण किंवा झणझणीत सुकट समोर असेल तर मात्र ड्राय स्टाउट मागवू नका. भाजका कडूपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात आणि तोंडात नुसती आग उरते. तिथे ट्रॉपिकल स्टाउट. तिच्यातल्या अल्कोहोलनेही तिखट थोडं वाढतं, पण उरलेली साखर ते सांभाळून घेते.

अशा गोड, दमदार स्टाउटचा एक घात मात्र आपल्याकडे सर्रास होतो. मे महिन्यात ठाण्याच्या घामट हवेत सगळ्यांना 'चिल्ड'च हवी असते आणि बाटली बर्फाच्या बादलीतून थेट टेबलावर येते. इतक्या गारठ्यात मनुकांचा वास, गुळासारखी गोडी, काही कळतच नाही, फक्त कडूपणा लागतो. नळावरची आयरिश पद्धतीची स्टाउट ६ अंशांच्या आसपास ठीक आहे. ट्रॉपिकल बाटली उघडून ग्लासात ओतल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या, एसीतल्या टेबलावरही ती हळूहळू खुलते.

मायक्रोब्रुअरीत ऑर्डर देण्याआधी वेटरला तीन गोष्टी विचारा: टक्के किती, नळ नायट्रोजनचा आहे का, आणि लॅक्टोज किंवा साखर घातली आहे का. त्याला माहीत नसेल तर ब्रुअरला विचारून येईल, बहुतेक ठिकाणी टाक्या काचेपलीकडेच असतात. चार-साडेचार टक्के आणि नायट्रोजन म्हणाला तर समोर येणारी डब्लिनच्या घराण्यातली. सात-आठ टक्के आणि गोडसर म्हणाला तर ती दुसरी, आणि मग चौघांत मिळून दोनच ग्लास पुरे.